टाकीखालचा वॉल्व्ह फिरतो, पण पाणी काही थांबत नाही

सुदामानगरी
मंडळी, इंदूर, सुदामा नगर. घर २००६ चं, खाली आई-बाबा, वर आम्ही. गच्चीवर हजार लिटरची टाकी. तिच्यातून एक इंची लाइन खाली उतरते, तिच्यावर पितळी गेट वॉल्व्ह. पुढे प्रत्येक बाथरूमला आणि स्वयंपाकघराला पाऊण इंचीचे असे आणखी पाच. पाइप सगळा क्रीम रंगाचा सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्यालाही चालणारा प्लास्टिकचा.

गेल्या मंगळवारी खालच्या बाथरूममधला फ्लशचा अँगल कॉक हातात आला. त्या बाथरूमचा वॉल्व्ह बंद करायला गेलो तर चक्र जागचं हलेना. जोर लावला तर हललं, पण दांड्यातून पाणी ठिबकायला लागलं. धावत गच्चीवर गेलो. तिथलं चक्र मात्र मजेत फिरतंय. फिरतंय, फिरतंय, आणि खाली पाणी चालूच. शेवटी सगळी टाकी वाहून जाईपर्यंत बादल्या भरत बसलो. आई म्हणाली, "नळ उद्या येणार आणि तू आज टाकी सोडून दिलीस?"

प्लंबरने पाहिलं, मान हलवली आणि म्हणाला, "सब उखाड़ना पड़ेगा भिया." टाइल्स फोडून नवी लाइन. मला ते पटत नाहीये. प्रश्न असा की दोनच बदलू की सहाच्या सहा? पुन्हा गेट वॉल्व्ह घेऊ की बॉल वॉल्व्ह? आणि हे काम घरच्या घरी जमण्यासारखं आहे का? हॅकसॉ चालवता येते, त्यापलीकडे दावा नाही.

शेव_परमल
प्लंबरला आधी पोहे-जिलेबी खाऊ घाला. "सब" मधलं निम्मं तिथेच कमी होतं.

कोथरूडकर
मूळ प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, पण "नळ उद्या येणार" म्हणजे? नळ कुठे गेले होते?

सुदामानगरी
@कोथरूडकर, इंदुरात पाणी येत नाही, नळ येतात. एक दिवसाआड. "नळ आले का?" "आले, पण गेले लगेच." पाहुण्यांसारखंच.

जुना_मेकॅनिकल
दोन वॉल्व्हचे दोन वेगळे आजार आहेत, एकच औषध देऊ नका.

गेट वॉल्व्हच्या आत पाचरीसारखा पितळी पडदा असतो, तो दांड्यावर वरखाली होतो. चक्र मोकळं फिरतंय आणि पाणी थांबत नाहीये, याचा अर्थ दांडा आणि पडद्याची फारकत झाली. एकतर आटे झिजले किंवा दांड्याचं टोक तुटलं. हलक्या पितळातलं जस्त पाण्याने हळूहळू निघून जातं, उरतो तो तांबूस, ठिसूळ सांगाडा. हा गेला. दुरुस्ती नाही, बदलायचाच.

दुसरा मात्र जिवंत आहे. दांड्यातून ठिबकणं म्हणजे ग्लँडचं, म्हणजे दांड्याभोवती पाणी अडवणाऱ्या जागेचं, दोरीचं पॅकिंग सुकलं. चक्राच्या खाली षट्कोनी नट असतो, तो आधी अष्टमांश फेरा आवळून बघा. थांबलं तर थांबलं. नाही थांबलं तर पाणी बंद करून नट सोडा, जुनी दोरी टोकरून काढा आणि ग्राफाइटची ग्लँड दोरी दोन-तीन वेढे घालून नट परत बसवा. पाइपला हात लावायची गरज नाही.

जिन्याखालचा
काकांशी आदरपूर्वक असहमत. त्या दुसऱ्याची दोरी बदलाल, ठिबकणं थांबेल, पण बंद केल्यावर तो पूर्ण बंद होणार आहे का? बोअरिंगचं पाणी असेल तर पडद्याच्या खाचेत क्षाराचा थर असतोच. पडदा बुडापर्यंत टेकत नाही आणि धार चालू राहते. वॉल्व्ह ठेवायचा कशासाठी? ऐन वेळी बंद व्हावा म्हणून. ठिबकत नाही हा काही त्याचा गुण नव्हे.

बॉल वॉल्व्ह घ्या. पाव फेरा, उघडा की बंद ते लांबूनही दिसतं. आणि एका बाजूला युनियन लावा, म्हणजे नट सोडला की सुटा होणारा जोड. आज दहा मिनिटं जास्त लागतील, पण पुढच्या वेळी करवत लागणार नाही.

जुना_मेकॅनिकल
@जिन्याखालचा, मुद्दा बरोबर आहे. बंद करून खालचा नळ उघडून बघायचं, धार राहिली तर बदला. मी फक्त घाईने कापू नका म्हणतोय. एकदा कापलेला पाइप परत लांब होत नाही.

तानसेनची_शेजारीण
आम्ही ग्वाल्हेरच्या. गेट वॉल्व्हचा विषय निघाला म्हणून सांगते, आमच्या तिघरा धरणावर अभियंते विश्वेश्वरय्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे बसवले होते. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर चढलं की आपले आपण उघडणार, उतरलं की मिटणार. शंभर वर्षांपूर्वी धरणाला जमलं ते माझ्या बाथरूमच्या कॉकला जमत नाही.

कोथरूडकर
ते दरवाजे आधी आमच्या खडकवासल्याला लागले, १९०३ मध्ये. नोंद असावी.

तानसेनची_शेजारीण
आलं पुणं. नोंद घेतली.

अण्णा_रामबाग
आमच्या घरी जलूदच्या पंपिंग स्टेशनहून नर्मदेचं पाणी आलं १९७८ नंतर. तेव्हाची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची लाइन, सफेदा आणि सूत लावून आवळलेली. मुख्य वॉल्व्ह त्याच वेळचा, गेट वॉल्व्हच, आजही कडक बंद होतो. बॉल वॉल्व्हवाल्यांनी हसू नये.

कारण सांगतो. वडील खंडेनवमीला पाना, पक्कड, करवत मांडून पूजा करायचे आणि त्याच दिवशी घरातला एकेक वॉल्व्ह पूर्ण बंद करून परत उघडायचे. मी तेच चालू ठेवलंय, फक्त वर्षातून एकदा ऐवजी दर तीन महिन्यांनी. दुसरी गोष्ट, पूर्ण उघडल्यावर अर्धा फेरा मागे घ्यायचा. शेवटपर्यंत ताणून ठेवलेला दांडा तिथेच धरतो, आणि मग आपण उलट्या बाजूला जोर लावून तो मोडतो. वीस वर्षं हात न लावता एके दिवशी संकटकाळी चक्राला लोंबकळायचं, आणि वर वॉल्व्ह वाईट म्हणायचं, हे काही खरं नाही.

जिन्याखालचा
अण्णा, नमस्कार. पण १९७८ चं पितळ आणि २००६ साली ठेकेदाराने घेतलेलं पितळ यांची तुलना करू नका. वजन करून बघा एकदा.

चिमणी_विजयनगर
घरच्या घरी जमतं. मी केलंय, मागच्या दिवाळीआधी, स्वयंपाकघराच्या लाइनवर. नवरा टॉर्च धरून उभा होता, त्याचंही श्रेय नमूद करते.

सीपीव्हीसीच्या कामात चिकटवणं पाच मिनिटांचं, तयारीच तासभर. जुना पाइप ठिसूळ झालेला असतो, त्यामुळे कात्रीसारखा कटर वापरू नका. तो आधी दाबतो, मग कापतो, आणि जुन्या पाइपला केसासारखी चीर जाते. ती दिसत नाही, पाणी सोडल्यावर दिसते. बारीक दातांची हॅकसॉ घ्या. काप सरळ हवा. आतबाहेरचा चुरा कानशीने काढा, बाहेरची कड थोडी तिरपी घासा, नाहीतर ती सॉकेटमधलं (पाइप जिथे आत बसतो त्या तोंडातलं) सोल्युशन, म्हणजे चिकटवायचं द्रावण, खरवडून पुढे ढकलते.

मग सगळं कोरडंच जुळवून बघायचं आणि पाइपवर पेन्सिलने खूण करायची, किती आत गेला पाहिजे त्याची. सोल्युशन पाइपला भरपूर आणि सॉकेटमध्ये पातळ. पाव फेरा फिरवत खुणेपर्यंत ढकला आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. हे धरणं लोक विसरतात. सॉकेट आत निमुळतं असतं, हात सोडला की पाइप हळूच मागे सरकतो.

आणि सोल्युशन सीपीव्हीसीचंच घ्या. पांढऱ्या पाइपचं चालेल असं दुकानदार म्हणेल, ऐकू नका.

कावेरी_बा
पाणी सोडायचं कधी? इथे तर नळ एक दिवसाआड.

चिमणी_विजयनगर
@कावेरी_बा, मी चोवीस तास थांबले. काही डब्यांवर त्याहून कमी वेळ लिहिलेला असतो, तापमान आणि पाइपच्या मापावर आहे ते. नळ यायच्या आदल्या दिवशी सकाळी काम केलं, टाकी आधीच वापरून संपवत आणली, पिण्याचं पाणी भरून ठेवलं. सासूबाई म्हणाल्या, दुष्काळात दिवस काढलेत, एक दिवस काय मोठा.

एक राहिलंच. पाइपमधून थेंब थेंब पाणी येत राहतं आणि ओल्या पाइपला सोल्युशन धरत नाही. त्याला उपाय पावाचा. पावातला मऊ भाग चुरून पाइपमध्ये सरकवायचा, तो दहा-पंधरा मिनिटं पाणी शोषून धरतो, तेवढ्यात जोड देऊन टाकायचा. नंतर पाणी सोडलं की विरघळून जातो. फक्त नळाच्या तोंडाची जाळी आधी काढून ठेवा, नाहीतर लगदा तिथे अडकतो.

शेव_परमल
शिळी पोळी चालेल का?

चिमणी_विजयनगर
पोळी विरघळत नाही. तुमची असेल तर मुळीच नाही.

अण्णा_रामबाग
😀 कापलं!

सुदामानगरी
सगळ्यांचे आभार. ग्लँडचा नट आवळला, ठिबकणं थांबलं. पण जिन्याखालचा म्हणाले तेच झालं. वॉल्व्ह बंद केला तरी पेन्सिलएवढी धार चालू. म्हणजे दोन्ही बदलायचे. बाकीचे चार एकेक करून तपासले, तीन ठीक बंद होतात. चौथा अजून हलतच नाही, त्याच्याशी मी सध्या बोलत नाहीये.

अडचण नवीन आहे. गच्चीवरच्या वॉल्व्हला वरच्या बाजूला मोकळा पाइप फूटभर आहे, पण खालच्या बाजूला वॉल्व्ह ते एल्बो (पाइप वळवणारा कोपऱ्याचा तुकडा) जेमतेम चार सेंटिमीटर, आणि एल्बो अर्धा स्लॅबमध्ये गाडलेला. कापला आणि जोड चुकला तर स्लॅब फोडावा लागेल. बहुतेक म्हणूनच प्लंबर "सब" म्हणाला होता.

जुना_मेकॅनिकल
खाली कापूच नका. पितळी वॉल्व्ह आट्यांवर बसलाय की चिकटवलाय? पितळ आहे म्हणजे दोन्ही बाजूंना आट्यांचे अडॅप्टर असणार, एकीकडे आटे आणि दुसरीकडे पाइप चिकटवायचं तोंड असलेले तुकडे. फक्त वरचा पाइप कापा. वॉल्व्ह वरून सुटा झाला की खालच्या अडॅप्टरवरून आटे सोडवून काढता येईल. नवा वॉल्व्ह त्याच अडॅप्टरवर बसेल, आणि वर नवा अडॅप्टर, युनियन, सॉकेट. स्लॅबमधल्या एल्बोला काही कळणारही नाही.

पण दोन पाने हवेत. एकाने खालचा अडॅप्टर घट्ट धरायचा, दुसऱ्याने वॉल्व्ह फिरवायचा. एकच पाना लावलात तर पीळ सगळा एल्बोपर्यंत जातो आणि मग खरंच सब उखाड़ना पड़ेगा.

जिन्याखालचा
+१. खालच्या अडॅप्टरचे आटे बघून घ्या. पितळी आट्यांचा असेल तर उत्तम. नुसते प्लास्टिकचे आटे असतील आणि आवळून चेपले गेले असतील तर भरवसा नको. एरवीही लक्षात ठेवा, लोखंडी किंवा पितळी नर (बाहेरचे) आटे प्लास्टिकच्या मादी (आतल्या) आट्यांत कधीच आवळू नये. पाचर ठोकल्यासारखं होतं, आज नाही तर सहा महिन्यांनी ते फाटतं.

टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनेच गुंडाळा. म्हणजे टोक आपल्याकडे धरलं की घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. उलटी गुंडाळली की आवळताना जमा होऊन बाहेर येते.

बडोद्याची_माहेरवाशीण
थोडं विषयांतर. माझ्या माहेरी बडोद्याला मिस्त्रीने गीझरच्या गरम बाजूला चक्क पांढरा पाइप घातला होता, म्हणे "बेन, काँई नहीं थाय." थंडीत एका सकाळी तो पाइप झोपाळ्याच्या दोरीसारखा लोंबत होता. पांढरा पाइप थंड पाण्याचा, गरमला क्रीमच, एवढं तरी मला आता कळतं.

कोथरूडकर
मग दोन्ही एकाच मापाचे मिळतात ना? पाऊण इंची म्हणजे पाऊण इंची.

जुना_मेकॅनिकल
नाही! आणि इथेच माणसं फसतात. नाव एक, बाहेरची जाडी वेगळी. पाऊण इंची सीपीव्हीसी तांब्याच्या नळीच्या मापाने येतो, बाहेरून सुमारे २२ मिमी. पाऊण इंची पांढरा यूपीव्हीसी लोखंडी पाइपाच्या मापाने, तो बाहेरून सुमारे २७ मिमी. एकाचा सॉकेट दुसऱ्याला बसत नाही. दुकानात जाताना कापलेला तुकडा खिशात न्या, तोंडी माप सांगू नका.

बडोद्याची_माहेरवाशीण
बाबांना ही माहिती आत्ता फोनवर वाचून दाखवली. ते म्हणाले, आपल्याकडे पाणी सयाजीरावांच्या आजवा तलावाचं, ते कुठल्याही पाइपातून येतं.

तानसेनची_शेजारीण
धरणांची यादी आता पूर्ण झाली का? 😀

मधुकर_ते_मॅक
एक प्रश्न. बॉल वॉल्व्ह झटक्यात बंद केला की पाइप ठोकल्यासारखा आवाज येतो आमच्याकडे. त्याने जोड सुटतात का?

जिन्याखालचा
प्रेशर पंप आहे का? असेल तर हो, सावकाश बंद करा. धावतं पाणी एकदम अडलं की धक्का बसतो. नुसती गच्चीवरची टाकी असेल तर फार काळजी नको. दहा मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो दाब, आणि दुमजली घरात तेवढाही होत नाही.

मधुकर_ते_मॅक
पंप आहे. सावकाश करतो.

कावेरी_बा
गच्चीवरच्या मुख्य वॉल्व्हसाठी टाकी रिकामी करावीच लागते का? हजार लिटर ओतून द्यायला जिवावर येतं.

अण्णा_रामबाग
टाकीचं झाकण उघडा आणि आतून आउटलेटच्या भोकात कापड गुंडाळलेलं लाकडी बूच दाबा. पाण्याचा दाबच ते धरून ठेवतो. बुचाला नायलॉनची दोरी बांधा आणि दुसरं टोक बाहेर. दोरी विसरलात तर नंतर बाह्या सारून खांद्यापर्यंत हात घालावा लागतो. माझ्या मेव्हण्याला लागला होता, जानेवारीत.

सुदामानगरी
तीन आठवड्यांनी परत येतोय, कारण काम झालं. बहुतेक.

अण्णांचं बूच चाललं. दोरीसकट. मग वरचा पाइप कापला, दोन पाने लावले आणि वॉल्व्ह हलेना. दहा मिनिटं लढलो. बाबा खालून वर आले, थोडा वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "उलटा फिरवतोयस." तसाच होता. तिसऱ्या झटक्यात सुटला. खालच्या अडॅप्टरचे आटे पितळी आणि धडधाकट. जुना वॉल्व्ह उघडून पाहिला, काकांनी लिहिलं तसाच, पडदा खाली सुटा पडलेला आणि दांड्याचं टोक तांबूस, नखाने खरवडलं तर चुरा होत होता.

नवा बॉल वॉल्व्ह बसवला आणि तेव्हा कळलं, त्याची लांब दांडी बंद करताना पॅरापेटच्या भिंतीला अडते. अर्धवटच बंद होतो. हे तुमच्यापैकी एकानेही सांगितलं नव्हतं. परत सोडला, दुकानात गेलो, पाकळीसारख्या छोट्या हँडलचा घेऊन आलो. घ्यायच्या आधी वॉल्व्ह हातात धरून भिंतीजवळ हँडल फिरवून बघा रे बाबांनो.

पाव वापरला. आई स्वयंपाकघरातून विचारत होती, "डबलरोटी कुठे चाललीये?" सांगितलं तर म्हणाली, "चहाबरोबर खायची होती ती." खालच्या बाथरूमचा वॉल्व्ह भिंतीबाहेर होता, तिथे दोन्हीकडे जागा होती, तासात झाला. चोवीस तास थांबलो. नळ आले, टाकी भरली, बूच ओढलं. गळती शून्य.

आणि तरीही वरच्या बाथरूमला पाणी येत नाहीये. खाली फर्राटेदार, वर फक्त फुसफुस. काय चुकलं?

जुना_मेकॅनिकल
काही चुकलं नाही, हवा अडकलीये. लाइन रिकामी झाली की चढ-उतार असलेल्या जागी हवेचा फुगा बसतो, आणि टाकीच्या पाण्याला एवढा दाब नसतो की तो ढकलेल. सगळ्यात खालचा नळ पूर्ण सोडा, वरच्या बाथरूमचे सगळे नळ उघडे ठेवा आणि मुख्य वॉल्व्ह दोन-तीनदा बंद-उघड करा. नाही गेली तर वरच्या बाथरूमच्या नळाला होज लावून उलटं पाणी चढवा.

चिमणी_विजयनगर
आणि जाळी काढली होती ना?

सुदामानगरी
...

चिमणी_विजयनगर
😀

सुदामानगरी
बेसिनच्या नळाची जाळी काढली. आत अख्खी डबलरोटी. शॉवरला मात्र खरंच हवा होती, काकांच्या युक्तीने गेली. मुख्य वॉल्व्ह आता दोन बोटांनी बंद होतो, सकाळपासून बाबा तीनदा गच्चीवर जाऊन बंद-उघड करून आले. आई अंघोळीला गेली असताना एकदा.

अण्णा_रामबाग
बाबांना खंडेनवमीपर्यंत थांबायला सांगा. आणि तो चौथा, न हलणारा?

सुदामानगरी
त्याच्याशी अजून बोलणं नाही. पुढच्या महिन्यात बघू. नळ आले, जातो भरायला.